दर्शनानंतर राजाचं कामकाज

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा आठवा अध्याय भयंकर दृश्यांनी भरलेला आहे. दोन शिंगांचा मेंढा, पश्चिमेकडून जमिनीला पाय न लावता धावत येणारा बोकड, मोडून पडणारी शिंगं, पायदळी तुडवलं जाणारं पवित्रस्थान. हे सारं पाहून दानीएल हादरतो आणि काही दिवस अंथरुणाला खिळतो. अध्यायाच्या अगदी शेवटी मात्र एक साधी नोंद येते. तो उठला आणि राजाच्या कामकाजाला लागला. पाहिलेल्या दर्शनाचा अर्थ अजून उमगलेला नव्हता, मन थाऱ्यावर नव्हतं, तरी कचेरी सुटली नाही.

या दर्शनाच्या अर्थावर शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले. शेवटच्या त्या नोंदीवर फारसं कोणी थांबत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत संदेश, प्रार्थना आणि पोटापाण्याचा व्यवसाय यांचं नातं काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. आज अनेक मंडळ्यांमध्ये या तीन गोष्टी एकत्र येतात त्या वेगळ्याच प्रश्नांच्या निमित्ताने. बदली टळेल का? व्हिसा मिळेल का? नोकरी सोडून धंद्यात पडू का? ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ असं सांगून माणूस उत्तराची वाट पाहतो, आणि डोक्यावर हात ठेवून उत्तर देणारेही भेटतात. बायबलमधल्या संदेष्ट्यांची चरित्रं वाचली तर त्यांचा कल दुसरीकडे दिसतो. संदेश आणि प्रार्थना माणसाला तिथे कामातून सुटका देत नाहीत, त्याच्या कामाचा हिशेब अधिक कडक करतात.

तराजूकडे पाहणारे संदेष्टे

संदेष्टा म्हणजे पुढचं सांगणारा, ही समजूत अर्धीच खरी आहे. इस्राएलच्या संदेष्ट्यांनी भविष्याबद्दल सांगितलं ते बहुतेक वेळा वर्तमानातल्या एखाद्या अन्यायाचा परिणाम म्हणून. आमोसचं उदाहरण यात सर्वांत बोलकं आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या मध्यावर, दुसऱ्या यराबामाच्या काळात, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात पैसा खेळत होता. यहूदातल्या तकोवा गावचा हा माणूस मेंढरं राखायचा, उंबराच्या झाडांची निगा करायचा. तो बेथेलच्या राजमान्य देवस्थानात जाऊन बोलू लागला. तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला, तुझ्या मुलखात जा आणि तिकडे संदेश सांगून पोट भर. आमोसने उत्तर दिलं की आपण धंदेवाईक संदेष्टा नाही, आपला व्यवसाय गुराढोरांचा आणि झाडांचा आहे.

तो बोलला ते बाजाराबद्दल. शब्बाथ कधी एकदा संपतो आणि दुकान कधी उघडतो, याची वाट पाहणारे व्यापारी. धान्याचं माप लहान आणि पैसे तोलायचं वजन जड. तराजूत खोट, गव्हात भुसा. जोडाभर वहाणांच्या किमतीत विकला जाणारा गरीब. राज्याचा नाश होईल हे भविष्य त्याने सांगितलं खरं, पण ते आरोपपत्राच्या शेवटी येणाऱ्या शिक्षेसारखं आलं. ख्रिस्तपूर्व 722 च्या सुमारास अश्शूरने ते राज्य संपवलं.

नव्या करारात हाच सूर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी ऐकू येतो. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्याकडे जकातदार येतात आणि आम्ही काय करावं म्हणून विचारतात. रोमन अमलाखालचा जकातदार म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक वसूल करू नका, इतकंच सांगतो. शिपाई विचारतात, तेव्हा दमदाटीने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका आणि पगारात समाधान माना, असं उत्तर मिळतं. अरण्यात राहणारा, टोळ खाणारा हा विरक्त पुरुष वसुली आणि बंदोबस्ताच्या खात्यांना आचारसंहिता देतो आहे! त्यांच्या बढतीबद्दल त्याने एक अक्षर काढलेलं नाही.

दोन वर्षं की सत्तर?

खरा संदेश आणि गोड संदेश यांची टक्कर पाहायची असेल तर यिर्मयाच्या पुस्तकाचे 28 आणि 29 हे अध्याय वाचावेत. ख्रिस्तपूर्व 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने यरुशलेम घेतलं. राजा यहोयाखीन, दरबारी, सुतार, लोहार असे कसबी लोक बाबेलला नेले गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर देशातलं सगळं कुशल मनुष्यबळ परक्या मुलखात गेलं. मागे उरलेल्यांपुढे हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केलं की दोन वर्षांत सारे परत येतील. यिर्मया पहिल्यांदा म्हणाला, तसंच होवो. त्याच्या मनातही तेच होतं. पण मिळालेला संदेश तसा नव्हता. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्याने भर मंदिरात मोडलं, तरी सांगायचं ते यिर्मयाने बदललं नाही.

बाबेलमधल्या हद्दपारांना यिर्मयाने पत्र पाठवलं. घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. परतीला सत्तर वर्षं लागतील. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यातलंच एक वचन, देवाच्या मनातल्या हिताच्या योजनांबद्दलचं, आज दिनदर्शिकांवर आणि शुभेच्छापत्रांवर छापलं जातं. मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराला ते वाचून धीर येतो, यात गैर काही नाही. फक्त त्या वचनाच्या आधीच्या ओळीत सत्तर वर्षांचा आकडा आहे, हे विसरून चालत नाही.

ते पत्र अमलात आलं का? मातीच्या पाट्या त्याची साक्ष देतात. बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधापाट्यांपैकी ख्रिस्तपूर्व 592 च्या पाटीवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. ‘अल-याहुदू’ म्हणजे यहूदानगर नावाच्या वस्तीतल्या पाट्या 2014 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व 572 ते 477 असा आहे. त्यांत जव आणि खजुराचं उत्पन्न, कर्जरोखे, खंडाने घेतलेल्या जमिनी आणि करभरणा यांच्या नोंदी आहेत. त्यात पुष्कळशी नावं यहोवाच्या नावावरून पडलेली. हे लोक बागा लावत होते, व्यवहार करत होते, आणि मुलांना देवाचं नावही देत होते.

खुद्द यिर्मयाचं सर्वांत धाडसी भाकीत एका खरेदीखतात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि अशा वेळी त्याने चुलतभावाकडून अनाथोथचं शेत 17 शेकेल चांदीला घेतलं. साक्षीदार बसवले, चांदी तोलून दिली, दस्ताच्या मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला लावल्या. या देशात पुन्हा शेतं आणि घरं विकत घेतली जातील, हा संदेश त्याने असा रीतसर दस्त करून दिला. संदेशामागे सांगणाऱ्याची स्वतःची रक्कम गुंतलेली होती.

निर्दोष दप्तर, उघडी खिडकी

दानीएलही बाबेलला हद्दपार झालेल्यांपैकीच. कोवळ्या वयात त्याला बाबेलच्या दरबारी नोकरीसाठी निवडलं गेलं. खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवली, नावसुद्धा बदललं. त्याने नाव बदलू दिलं, परकी विद्या शिकली, पण राजाच्या ताटातलं अन्न घेणार नाही म्हणाला. तेही आरडाओरडा न करता. त्याने कारभाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग आमच्या चेहऱ्यांवरून काय ते ठरवा. वरिष्ठाची अडचण ओळखून, मुदत ठरवून, परिणाम तपासायची तयारी ठेवून केलेली ही मागणी आहे. श्रद्धेसाठी सवलत कशी मागावी याचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण.

सहाव्या अध्यायात तो दारयावेश राजाच्या तीन मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक आहे आणि त्यांच्या हाताखाली 120 प्रांताधिकारी आहेत. राजा त्याला सगळ्यांवर नेमणार म्हटल्यावर सहकारी त्याचं दप्तर धुंडाळतात. ना गैरव्यवहार सापडतो, ना हलगर्जी. तेव्हा कुठे त्यांना त्याच्या धर्माकडे वळावं लागतं आणि ते 30 दिवस राजाशिवाय कोणाकडेही मागणं मागायचं नाही असा हुकूम काढून घेतात. दानीएल घरी जातो आणि यरुशलेमच्या दिशेने उघड्या असलेल्या खिडकीपाशी गुडघे टेकून दिवसातून तीनदा प्रार्थना करतो, नेहमीप्रमाणे. ‘नेहमीप्रमाणे’ हेच इथे महत्त्वाचं. संकट आलं म्हणून त्याने प्रार्थना सुरू केली नाही आणि हुकूम निघाला म्हणून बंदही केली नाही. या प्रार्थनेपायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं जातं. आधी निर्दोष दप्तर आणि मग सिंहांची गुहा, हा कथेतला क्रम उपासनेतल्या प्रवचनांत बहुधा उलटा होतो. सिंह सर्वांना आठवतात, दप्तर कोणाला आठवत नाही.

नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचं लेखन वाचतो आणि सत्तर वर्षं भरत आली हे त्याच्या लक्षात येतं. भाकीत पुरं होणारच आहे तर हात जोडून बसायला काय हरकत? तो मात्र उपास करतो, गोणपाट नेसतो आणि स्वतःच्या लोकांच्या पापांची कबुली देतो. संदेश वाचून त्याच्यावर कर्तव्याचा भार वाढला.

अभ्यासकांचं म्हणणंही इथे सांगायला हवं. बहुतेक आधुनिक संशोधक या पुस्तकाचं आजचं रूप ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं मानतात, चौथ्या अंतियुखस राजाने यहूद्यांचा छळ केला त्या काळातलं. मेदी दारयावेश असा राजा इतर नोंदींत सापडत नाही. परंपरावादी अभ्यासक हे मान्य करत नाहीत. पण दुसऱ्या शतकाची तारीख धरली तर कथेचा रोख आणखी स्पष्ट होतो. परक्या सत्तेखाली, श्रद्धेला बंदी असताना, नोकरी आणि निष्ठा दोन्ही कशा सांभाळाव्यात हे लोकांना सांगण्यासाठीच ती लिहिली गेली असणार.

मागितलेली पत्रं आणि विकाऊ संदेश

ख्रिस्तपूर्व 445. शूशन शहरात नहेम्या नावाचा यहूदी पर्शियाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार आहे. यरुशलेमचा तट पडलेला असल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते. तो रडतो, उपास करतो आणि प्रार्थना करतो. राजापुढे विषय निघतो तो नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये चारेक महिने गेले. राजा विचारतो, तुला काय हवं? त्या क्षणी नहेम्या मनातल्या मनात देवाला हाक मारतो आणि लगेच उत्तर देतो. उत्तराची तयारी पूर्ण आहे. जायला किती दिवस लागतील, कोणकोणत्या सुभेदारांच्या नावे परवान्याची पत्रं हवीत, तुळयांसाठी लाकूड हवं तर राजवनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे हुकूम. क्षणभराच्या त्या प्रार्थनेमागे चार महिन्यांची प्रार्थना होती आणि चार महिन्यांचा अभ्यासही.

यरुशलेमला पोचल्यावर त्याने गाजावाजा न करता रात्री तटाची पाहणी केली. काम घराघरांत, धंद्याधंद्यांत वाटून दिलं. सोनार, अत्तर करणारे, व्यापारी यांच्या वाट्याला तटाचे कोणते भाग आले याची यादी पुस्तकात आहे. हल्ल्याची भीती निर्माण झाली तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारेही बसवले. तट 52 दिवसांत उभा राहिला. त्याचा विरोधक सनबल्लट हे काल्पनिक पात्र नव्हे. मिसरमधल्या एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या ख्रिस्तपूर्व 407 च्या पत्रात शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांचा उल्लेख आहे.

पाचवा अध्याय तर कोणत्याही अधिकाऱ्याने टेबलावर ठेवावा असा. काम जोरात चालू असतानाच गरिबांनी ओरड केली की शेतं गहाण पडली, मुलंमुली दास झाली. नहेम्याने सरदारांना बोलावून व्याज आणि गहाण टाकलेल्या जमिनी परत करायला लावल्या. स्वतः 12 वर्षं सुभेदार असून त्याने पदाला मिळणारा शिधाभत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार फार होता.

आणि मग सहाव्या अध्यायात शमाया नावाचा माणूस भेटतो. तुला रात्री मारायला येतील, मंदिरात लपू या, असा संदेश तो देतो. नहेम्या ओळखतो की हा देवाचा संदेश नाही, सनबल्लट आणि त्याचा साथी तोबीया यांनी पैसे देऊन वदवलेला आहे. त्याने कसा ओळखला? तो संदेश नहेम्याला भीती घालत होता, काम सोडायला लावत होता, आणि जिथे जायचा त्याला अधिकार नाही अशा जागी शिरायला सांगत होता. संदेश पारखण्याची ही कसोटी आजही जुनी झालेली नाही.

येणार, येणार, म्हणून बसून राहिलेले

ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्याच पिढीत हा पेच उभा राहिला. येशूचं पुनरागमन जवळ आहे या विश्वासाने थेस्सलनीकाची मंडळी भारलेली होती. तो दिवस आलाच, अशीही अफवा उठली. काही जण काम सोडून इतरांच्या भाकरीवर राहू लागले. ते याच अपेक्षेपोटी की अन्य कारणाने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रेषित पौलाच्या पत्रातलं उत्तर मात्र रोकठोक आहे. ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये. हे सांगायचा पौलाला अधिकार होता. तो तंबू शिवणारा. करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या समव्यावसायिक जोडप्याकडे राहून तो काम करायचा आणि मंडळीवर आपला भार पडू देत नसे.

पहिल्या-दुसऱ्या शतकातली ‘दिदाखे’ नावाची छोटी नियमपुस्तिका 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका हस्तलिखितात सापडली. गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांचा आदर करा, असं ती सांगते आणि लगेच अटी घालते. असा पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज पैसे मागू लागला तर खोटा. स्वतःसाठी द्रव्य मागणाऱ्याचं ऐकू नका, दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर दोष देऊ नका. गावात स्थायिक व्हायचं असेल तर हातातला धंदा करून खावं. ख्रिस्ताच्या नावावर पोट भरणाऱ्यांसाठी त्या काळीच वेगळा शब्द तयार झाला होता, यावरून उपद्रव किती असेल ते समजतं.

तरीही चूक पुन्हा पुन्हा होत राहिली. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलच्या त्याच आठव्या अध्यायावरून हिशेब मांडला आणि त्याच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरवला. काहींनी दुकानं बंद केली, काहींनी शेतातलं पीक काढलं नाही. 23 तारीख नेहमीसारखी उजाडली. ज्या अध्यायाने दानीएलला कामावर परत पाठवलं, त्याच अध्यायाने यांना कामावरून उठवलं. फरक वाचण्यात होता.

घंटा, भांडी आणि चांभाराचा ठोकळा

प्रार्थना आणि काम यांची वेळ एकच असेल तर काय करायचं? इटलीतल्या मोंते कासिनो मठाच्या बेनेडिक्टने सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीने याचं एक उत्तर दिलं. दिवसाची विभागणी प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांत करायची. मठाची भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपायची. कारागीर बंधूला आपल्या कौशल्याचा गर्व झाला तर त्याला त्या कामावरून हलवायचं. माल विकताना लोभ शिरू नये म्हणून बाहेरच्या बाजारापेक्षा थोडा कमी भाव लावायचा. किमतीचा प्रश्न इथे थेट आध्यात्मिक प्रश्न झाला आहे.

सतराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठातला ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचा आणि त्याला ते काम मुळीच आवडत नसे. भांड्यांच्या खणखणाटात, चार माणसं चार गोष्टी मागत असतानाही प्रार्थनेतली शांतता टिकवता येते, हे तो स्वतःवर प्रयोग करत शिकला. 1691 मध्ये तो वारला. त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली संभाषणं नंतर पुस्तकरूपाने निघाली आणि कॅथलिकांइतकीच प्रोटेस्टंटांनीही वाचली.

मार्टिन लूथरने मठाची भिंतच ओलांडली. 1520 मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना त्याने मांडलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. चांभार, लोहार, शेतकरी यांचं काम वेगवेगळं, पण दर्जा बिशपाहून कमी नाही. पाचारण फक्त पाळकाला होतं आणि बाकीचे नुसती नोकरी करतात, हा भेद त्याने पुसला. कॅथलिक चर्चनेही 1964 च्या ‘लुमेन जेंशियम’ या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात सांगितलं की सामान्य श्रद्धावंत ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही भूमिकांत सहभागी असतात. म्हणजे कचेरीत खोट्या बिलावर सही करायला नकार देणारा कारकून संदेष्ट्याचंच काम करतो आहे.

शिंप्याची लेखणी

या शिकवणुकीची सर्वांत कडक परीक्षा अमेरिकेतल्या जॉन वूलमन या क्वेकर पंथाच्या शिंप्याने दिली. त्याचा जन्म 1720 चा, न्यू जर्सीतला. तरुणपणी तो एका दुकानात कामाला असताना मालकाने विकलेल्या एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीचं विक्रीपत्र त्याला लिहायला सांगितलं. मालकाचा हुकूम, घेणारा वयोवृद्ध क्वेकर. वूलमनने लिहून दिलं, पण तिथल्या तिथे सांगितलं की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे. पुढे दुसऱ्याने असाच दस्त लिहायला सांगितला तेव्हा त्याने नकार दिला. मृत्युपत्रात गुलामांचा वारसा लिहायलाही तो राजी होत नसे. दस्त लिहून मिळणारी दक्षिणा गेली तरी चालेल.

त्याचं दुकान चांगलं चालू लागलं. तेव्हा धंदा वाढतो आहे आणि मन त्यात गुंतून पडतं आहे असं वाटून त्याने गिऱ्हाइकांना इतर दुकानं सुचवली आणि शिवणकामावर आणि सफरचंदाच्या रोपांवर निर्वाह ठेवला. मग तो दक्षिणेकडच्या वसाहतींत क्वेकरांच्या घरी जाऊन गुलामगिरीबद्दल शांतपणे बोलत फिरला. ज्या घरी गुलामांकडून सेवा घ्यावी लागे, तिथे त्यांच्या हातावर मोबदला ठेवी. क्वेकरांच्या रिवाजानुसार असा प्रवास एकट्याच्या मर्जीने करत नाहीत. मनात आलेली प्रेरणा स्थानिक सभेपुढे ठेवायची, सभा मौनात बसून ती पारखते. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामगिरीविरुद्ध ठोस पाऊल उचललं आणि 1776 मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्वातून वगळायचं ठरवलं. वूलमन त्याआधी, 1772 मध्ये देवीच्या आजाराने गेला होता.

त्याच बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र गुलामांचे मालकही वाचत होते. दासांनी मन लावून काम करावं हे त्यांना पाठ होतं. धन्यांनी दासांशी न्यायाने आणि समतेने वागावं, ही पुढचीच आज्ञा मात्र त्यांच्या जिभेवर येत नसे. ‘काम देवासाठी करा’ ही शिकवण कामगाराला ऐकवायची आणि मालकाने ऐकायची नाही, हा दोष ख्रिस्ती इतिहासात नाकारता येत नाही. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढून न्याय्य मजुरी हा धर्माचा विषय केला, तो या पार्श्वभूमीवर.

केडगावचं उदाहरण

मराठी मुलखात प्रार्थना आणि काम यांची सांगड पाहायची तर पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला नेलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि बायका त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन वाढत गेलं. तिथे पहाटेची प्रार्थना होती आणि दिवसभर कामही. शेती, विणकाम, गाईगुरं, दळण, छापखाना. दृष्टिहीन स्त्रियांना ब्रेल शिकवलं जाई. आधार नसलेल्या बाईला नुसती सहानुभूती पुरत नाही, हातात कसब लागतं, हे रमाबाई जाणून होत्या.

1905 मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, गाऊ लागल्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम सहसा लॉस एंजलिसच्या 1906 च्या अझुसा स्ट्रीटवर दाखवतात. केडगावची घटना त्याआधीची आहे, म्हणून इतिहासकार तिची स्वतंत्र दखल घेतात. पण त्या जागरणाने छापखाना थांबला नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर हाती घेतलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं, मुक्तीच्याच छापखान्यातून.

आजच्या संदेशाची पारख

संदेशाचं दान आज चालू आहे का, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. काही सुधारित परंपरा मानतात की ते प्रेषितांच्या काळाबरोबर संपलं. पेंटेकॉस्टल मंडळ्या ते आजही जिवंत मानतात. कॅथलिक चर्च म्हणतं की खासगी दर्शनं असू शकतात, पण ती मूळ प्रकटीकरणात भर घालत नाहीत. पारख करायलाच हवी, हे मात्र तिघांनाही मान्य आहे. संदेश तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून घ्या, अशा दोन्ही सूचना पौल एका दमात देतो. करिंथच्या मंडळीला तो सांगतो की दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी निर्णय करावा. संदेशाचं काम उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन हे आहे.

नोकरीधंद्याच्या बाबतीत या कसोट्या सोप्या शब्दांत अशा मांडता येतील. संदेश देणाऱ्याला त्यातून पैसा किंवा वजन मिळतं आहे का? तो तुम्हाला घाबरवतो आहे का, की घाईने निर्णय घ्यायला लावतो आहे? अंगावरची जबाबदारी, घेतलेलं कर्ज, हाताखालची माणसं यांना तो वाऱ्यावर सोडायला सांगतो का? घरच्यांसमोर, पाळकांसमोर, त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसासमोर तो उघडपणे ठेवता येतो का? आणि आधीचे संदेश खरे ठरले नाहीत तेव्हा त्या माणसाने काय केलं? अनुवाद नावाच्या ग्रंथात हा शेवटचा निकष स्पष्ट शब्दांत आहे. बोललेलं घडलं नाही तर तो उद्धटपणे बोलला, त्याची भीती बाळगू नका.

प्रार्थनेबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. श्रद्धा बळकट असेल तर बढती, गाडी, परदेश हे मिळतंच, ही शिकवण लोकप्रिय आहे, पण बायबलच्या आधाराने ती टिकत नाही. गेथशेमाने बागेत येशूने जे टळावं म्हणून मागितलं ते टळलं नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. मुलाखतीत अपयश आलेल्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सांगणं हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे. शिवाय ज्या कचेरीत सर्व धर्मांची माणसं एकत्र काम करतात तिथे प्रार्थनेचं प्रदर्शन करू नये. दाराआड प्रार्थना करायची सूचना येशूचीच आहे. सहकाऱ्यांना दिसावा तो कामाचा चोखपणा.

याकोबाच्या पत्रात व्यापाऱ्यांना आणि धनवानांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू, अशा बढाया मारू नका, कारण उद्याचं तुम्हाला ठाऊक नाही. आणि शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, ती ओरड देवाच्या कानी पोचली आहे. त्यामुळे महिन्याच्या शेवटी संदेश मागायला कोणाच्या दारी जाण्याआधी वाचकाने आपल्या हाताखालच्या माणसांची मजुरी चुकती झाली आहे का ते पाहावं. नसेल, तर पुढचा संदेश काय असणार हे सांगायला संदेष्ट्याची गरज नाही.